प्रश्न वाचकांचे : पक्ष्यांची राष्ट्रीय संस्था आणि आपल्या घरची वही

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिल्या तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस असतो आणि शेवटच्या तारखेला डॉ. सलीम अली यांचा. त्या निमित्ताने मागील अंकात मायणीच्या तलावावर एक टिपण दिले होते आणि त्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा उल्लेख आला होता. त्या एका उल्लेखावरून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. ही संस्था नेमकी कसली आहे, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाचा तिच्याशी काय संबंध येतो, हे बहुतेकांना जाणून घ्यायचे आहे. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : पक्ष्यांच्या अभ्यासाला वाहिलेली अशी एखादी राष्ट्रीय संस्था भारतात आहे का? असल्यास ती सरकारी आहे की लोकांनी चालवलेली? (निवृत्त बँक अधिकारी, सातारा)

उत्तर : केवळ पक्ष्यांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्था युरोप-अमेरिकेत फार जुन्या आहेत. जर्मनीत अशी संस्था १८५० मध्ये, ब्रिटनमध्ये १८५८ मध्ये आणि अमेरिकेत १८८३ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि तो थोडा विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव आपण शाळेत शिकतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतातील पक्षीशास्त्राचे आद्य संघटकही होते. त्यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले, देशभरातील अधिकारी, डॉक्टर आणि अभियंते यांच्याकडून नोंदी मागवल्या आणि शिमल्याच्या आपल्या घरी पक्ष्यांच्या नमुन्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. एका अर्थी तो एकच माणूस म्हणजे एक राष्ट्रीय संस्था होती. परंतु ते घरी नसताना नोकराने त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. ह्यूम यांचे मन त्या कामातून उडाले आणि १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२ हजार नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नमुने वाचले, पण ज्या टिपणांतून ग्रंथ व्हायचा होता ती टिपणे कायमची गेली. २०१९ च्या महापुरात सांगलीतील माझ्या घरात पाणी शिरले आणि माझ्या दोन वह्या गेल्या, तेव्हा ही हकिकत मला नव्याने समजली. नोंद एकाच घरात, एकाच माणसापाशी असेल तर ती त्या घराइतकीच टिकते. संस्था लागते ती यासाठी.

ह्यूम यांचे काम मावळत असतानाच १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत सहा युरोपीय होते आणि दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. डॉ. सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील होत. आरंभीच्या बैठका भायखळ्याच्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या, संग्रहालयात होत असत. जानेवारी १८८४ पासून हर्बर्ट फिप्सन या मद्यविक्रेत्याने आपल्या दुकानातील खोली संस्थेला दिली. १८८६ पासून संस्थेचे शोधनियतकालिक निघू लागले आणि ते आजही निघते. संस्थेच्या चिन्हावर जो धनेश पक्षी दिसतो, तो १८९४ ते १९२० या काळात संस्थेच्या जागेत खरोखर राहत होता आणि त्याचे नाव विल्यम होते.

ही संस्था केवळ पक्ष्यांची नाही. साप, फुलपाखरे, वनस्पती, सस्तन प्राणी या सर्वांचा अभ्यास तेथे होतो. तरीही पक्ष्यांच्या बाबतीत राष्ट्रीय संस्थेचे काम प्रत्यक्षात तिनेच केले आहे, आणि ती सभासदांच्या बळावर उभी राहिलेली स्वायत्त संस्था आहे, सरकारी खाते नव्हे. सरकारी प्रयत्नही झाले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९० मध्ये कोइमतूरजवळ आनैकट्टी येथे डॉ. सलीम अली यांच्या नावाने पक्षीशास्त्राचे केंद्र उभारले आणि २०२३ मध्ये ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत विलीन झाले.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात तळ्याच्या काठी एक बदक मरून पडलेले दिसले. त्याच्या पायात धातूचे कडे होते व त्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे होते. मी ते कडे काढून घरी ठेवले आहे. हे कोणाला कळवायचे? माझ्याकडून काही चूक तर झाली नाही ना? (शेतकरी, खटाव तालुका)

उत्तर : आपण ते कडे टाकून दिले नाही, हे सर्वांत चांगले झाले. आपल्या घरात या क्षणी जी वस्तू आहे ती म्हणजे एक अर्धे लिहिलेले पत्र आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग फक्त आपणच लिहू शकता.

पक्ष्यांच्या पायात क्रमांक असलेले कडे अडकवण्याची शास्त्रीय पद्धत डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेनसेन या शिक्षकाने १८९९ मध्ये सुरू केली. पक्षी पकडायचा, त्याची जात, वय आणि वजन लिहून घ्यायचे, पायात हलके कडे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. नंतर तोच पक्षी पुन्हा कोठे पकडला गेला किंवा मृत सापडला, की दोन ठिकाणे आणि दोन तारखा हाती येतात. त्या दोन ठिकाणांच्या मधले अंतर म्हणजे त्या पक्ष्याचा प्रवास. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धारच्या महाराजांच्या साहाय्याने हे काम आरंभले, परंतु त्याला मोठे रूप आले ते १९५९ नंतर, आणि त्यामागचे कारण एक आजार होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एका तापाने मरू लागली. आपल्याकडे दोडामार्ग भागात माकडताप म्हणतात, तोच हा आजार. तशाच प्रकारचा विषाणू रशियातही आढळत असल्यामुळे, उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांसह हा आजार आणतात की काय, अशी शंका आली. तिचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने अर्थसाहाय्य दिले आणि डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली ठिकठिकाणी पक्ष्यांना कडी घालण्याची मोहीम सुरू झाली. भरतपूरच्या तळ्यांवर कडे घातलेली बदके सैबेरियात सापडल्याच्या बातम्या त्यातूनच आल्या. आपल्या तळ्यांवर माघात दिसणारे बदक वैशाखात कोठे असते, हे आपल्या आजोबांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. आपल्याला ते ठाऊक आहे, कारण कोठेतरी एका अनोळखी शिकाऱ्याने किंवा कोळ्याने आपल्यासारखेच एक कडे जपून ठेवले आणि कळवले.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. भारतात घातलेल्या कड्यावर बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. परदेशी कड्यावर तेथील संस्थेचे किंवा शहराचे नाव असते. कड्यावरील प्रत्येक अक्षर आणि आकडा जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि सर्व बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढावीत. पक्षी कोणत्या गावाच्या शिवारात, तळ्याच्या कोणत्या काठाला आणि कोणत्या तारखेला सापडला, हे लिहावे. नेमकी तारीख आठवत नसेल तर अंदाजाची तारीख खात्रीची म्हणून लिहू नये. ‘मायणीच्या यात्रेच्या आठवड्यात’ किंवा ‘कांदा काढणीच्या वेळी’ असे आठवत असेल तसेच लिहावे, कारण अशा खुणेवरून काळ ठरवता येतो. पक्षी ताजा होता की वाळलेला, विजेच्या तारेखाली होता की पाण्यात, हेही महत्त्वाचे आहे. ही माहिती आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि मुंबईला सोसायटीकडे पाठवावी. कडे कोठल्याही संस्थेचे असले तरी सोसायटी ते मूळ ठिकाणी पोहोचवू शकते आणि तो पक्षी कोठे व केव्हा कडे ल्याला होता, हे आपल्यालाही कळू शकते.

चुकीविषयी आपण विचारले आहे म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. मृत पाणपक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण बर्ड फ्लूसारखा संसर्ग असू शकतो. तसेच वन्यपक्ष्याचे शरीर किंवा पिसे घरी ठेवू नयेत, वनखात्याला कळवावे. जिवंत पक्ष्याच्या पायातील कडे तर कधीही काढू नये. ते वाचावे, छायाचित्र घ्यावे आणि पक्ष्याला जाऊ द्यावे. काही पक्ष्यांच्या गळ्यात रंगीत पट्टाही असतो. मंगोलियात असे पट्टे घातलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून दक्षिण भारतातील तळ्यांवर उतरल्याचे दुर्बिणीतून वाचलेल्या क्रमांकांमुळेच समजले, आणि त्यासाठी पक्ष्याला हात लावण्याची कोणालाही गरज पडली नाही.

प्रश्न : शाळेतील मुले एकाच पक्ष्याची तीन-चार नावे सांगतात. पाठ्यपुस्तकातील नाव वेगळेच असते. नोंदवहीत कोणते नाव लिहून घ्यावे? (शिक्षिका, विटा)

उत्तर : मॅडम, मूल जे नाव सांगते ते आधी लिहावे, त्याच्यापुढे ते नाव कोणत्या गावचे ते लिहावे, आणि प्रमाण नाव त्यानंतर लिहावे. भारद्वाजाला कोणी कुंभारकावळा म्हणते, कोणी सोनकावळा, कोणी कुक्कुटकुंभा. यांपैकी कोणतेही नाव चूक नाही. सेंट्रोपस सायनेन्सिस हे शास्त्रीय नाव एवढ्यासाठीच असते की विट्याची नोंद आणि आसामची नोंद एकाच पक्ष्याची आहे, हे वाचणाऱ्याला कळावे. ते नाव बोलीतील नावाची जागा घेण्यासाठी नाही.

बोलीतील नावात बहुधा निरीक्षण दडलेले असते. वेडा राघू, सातभाई, तांबट ही नावे ठेवणाऱ्यांनी पक्षी नुसता पाहिला नव्हता, त्याची वागणूक आणि आवाज ओळखला होता. शास्त्रज्ञांनाही या ज्ञानाची गरज पडते, याचे एक उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कोणालाही दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींनी आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात गावोगावी चित्रे दाखवून विचारपूस केली आणि जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्ना या स्थानिक पारध्याला तो रात्री विजेरीच्या उजेडात सापडला. आपल्या जत, आटपाडी, माण भागातील मेंढपाळांना आणि फासेपारधी कुटुंबांना माळावरच्या लाव्या, तित्तिर आणि धाविकांविषयी जे ठाऊक आहे ते कोठल्याही पुस्तकात नाही. आपल्या वर्गात त्या घरांतील मुले असतील तर या विषयात त्यांना पहिल्या बाकावर बसवावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या पठारावर पवनचक्क्या आल्यापासून घारी-ससाणे कमी झाले असे जुने लोक म्हणतात. हे खरे आहे की नुसते बोलणे? (तरुण वाचक, चाळकेवाडी परिसर, जि. सातारा)

उत्तर : जुन्या लोकांचे म्हणणे शास्त्रीय कसोटीवर तपासले गेले आहे, आणि तेही आपल्याच पठारावर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले.

त्याहून मोलाचा भाग पुढे आहे. शिकारी पक्षी कमी झाल्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे त्या भागात वाढले. हा गळ्याला रंगीत पंखा असलेला सरडा आपल्या पठाराची खास ओळख आहे आणि २०१६ मध्ये त्याच्या प्रजातीला (जीनसला) शास्त्रीय नाव देताना ‘सरडा’ हा मराठी शब्दच घेतला गेला. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस बराच जवळ गेला तरी ते पळत नव्हते, परंतु त्यांची शरीरे कृश होती आणि नरांचे रंग फिके पडलेले होते. संख्या वाढली म्हणजे सर्व ठीक आहे असे नसते, हे येथे दिसते. आकाशातील एक दुवा सैल झाला आणि त्याचा परिणाम जमिनीवरील प्राण्याच्या रंगापर्यंत पोहोचला.

मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. पण संशोधकांना चक्क्यांचा आणि बिनचक्क्यांचा असे दोन भाग शेजारी ठेवून तुलना करावी लागली. चक्क्या उभ्या राहण्यापूर्वी या पठारावर दर महिन्याला किती ससाणे, घारी आणि गरुड दिसत होते याची एखादी साधी वही कोणी ठेवली असती, तर त्याच जमिनीची पूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता आली असती. आपण तरुण आहात आणि आपल्या शेजारच्या डोंगरांवर अजून बरेच काही उभे राहायचे आहे. तेथील वही आजच सुरू करावी.

प्रश्न : लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरत असे. आता एकही दिसत नाही. जनावरांच्या औषधामुळे असे झाले हे कितपत खरे? आणि आम्ही दूध उत्पादकांनी काय करावे? (दूध उत्पादक, जत)

उत्तर : ते पूर्णपणे खरे आहे, आणि पक्षी-अभ्यासाच्या संस्थेने देशाची केलेली ही बहुधा सर्वांत मोठी सेवा आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात भरतपूरला गिधाडांची घरटी मोजली होती. त्या वेळी गिधाड इतका सामान्य पक्षी होता की त्याची मोजदाद कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडला असता. १९९० च्या दशकात त्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी केली तेव्हा थवे नाहीसे झालेले होते. हाताशी जुना आकडा होता म्हणूनच ही घट सिद्ध करता आली. पुढे देशभर मोजणी झाली आणि १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहूनही अधिक घटल्याचे स्पष्ट झाले.

कारण सापडायला २००४ साल उजाडले. जनावरांच्या सुजेवर आणि दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे थोड्या जनावरांत औषध असले तरी झालेली हानी भरून निघत नाही. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधेही गिधाडांना घातक असल्यामुळे २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली. दरम्यान हरियाणातील पिंजोर येथे सोसायटीने राज्य सरकारसह गिधाडांचे प्रजनन केंद्र चालवले आहे.

आपण एवढेच करावे: गाय, म्हैस किंवा खिलार बैल दुखण्याने बसला की पशुवैद्यकाला मेलॉक्सिकॅमविषयी विचारावे. ते जनावराला गुण देते आणि गिधाडाला अपाय करत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने सुई आणू नये. उपचार चालू असताना जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

प्रश्न : मी मिरजेत महाविद्यालयात शिकते, पण माझा विषय वाणिज्य आहे. दुर्बीण नाही. मला अशा संस्थेचे सभासद होता येईल का? आणि माझ्या नोंदीचा कोणाला उपयोग होईल का? (विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : सभासद होण्यासाठी पदवीची अट नाही. खुद्द डॉ. सलीम अली यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्या कारणाने त्यांना हवी असलेली सरकारी जागाही मिळाली नाही. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक वेगळी चिमणी मारली होती, जिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती काय आहे हे विचारायला मुलगा सोसायटीत गेला तेव्हा तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही, तर कपाटाचे खण उघडून भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. संस्था कशी असावी याचे माझ्या मनातले चित्र हेच आहे: दारात आलेल्या मुलाच्या प्रश्नासाठी कोणीतरी खण उघडले पाहिजेत.

आपल्या नोंदीचा उपयोग निश्चित होईल. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि १७८ जातींना तातडीने संरक्षण हवे असा निष्कर्ष होता. त्याचा पाया सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेली ३ कोटींहून अधिक निरीक्षणे हा होता. ही माणसे बहुसंख्येने आपल्यासारखी होती: शिक्षक, विद्यार्थी, बँकेत काम करणारे. मात्र अशा नोंदी शहरांच्या आसपास दाट आणि खेड्यांकडे विरळ असतात. त्यामुळे मिरजेतून दंडोबाच्या डोंगरावर किंवा कृष्णेच्या काठी केलेली साधी नोंदही रिकामी जागा भरते.

आरंभ असा करावा. कृष्णाघाटावर एकच जागा ठरवावी आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटे थांबावे. तारीख, वर्ष, वेळ आणि जागा आधी लिहावी. माझ्या पहिल्या वहीत दिवस आणि महिना आहे पण वर्ष नाही, आणि त्या वहीतील धोबी, खंड्या आणि नदीसुरय आज कोणत्याच तुलनेला उपयोगी पडत नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते. त्यानंतर जे पक्षी ओळखता येतील ते संख्येसह लिहावेत. ओळखता न आलेल्या पक्ष्याचे वर्णन लिहावे, नाव नव्हे.

या शेवटच्या सूचनेवर माझा भर आहे. दुर्मिळ पक्षी दिसावा असे प्रत्येकाला वाटते आणि त्या मोहात नोंद बिघडते. रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर कोणाला मिळाले नव्हते. कर्नल माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळवल्याचा दावा करून नमुना दाखवला होता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी पुढे तपासले तेव्हा तो नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला जुनाच पक्षी असून त्याला नवी चिठ्ठी लावली आहे, हे उघड झाले. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पुन्हा दिसला. एका खोट्या तारखेने अनेक वर्षे शोध भलत्या ठिकाणी नेला होता, आणि जुन्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी तो योग्य ठिकाणी आणला.

येत्या जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना आहे. १९८७ पासून दर जानेवारीत ती होते आणि भारतात सोसायटीचा तिच्या संयोजनात मोठा वाटा आहे. आपल्या भागात मायणी, येरळवाडी यांसारखे तलाव आणि कृष्णेचे काठ मोजण्यासारखे आहेत. पहिल्या वर्षी एखाद्या जाणत्या पक्षिमित्राबरोबर जावे आणि फक्त ओळखीची एकच जात मोजावी, उदाहरणार्थ वारकरी किंवा शेकाट्या. पाणी आटलेले असेल आणि तळ्यावर एकही पक्षी नसेल तरी परत फिरू नये. तारीख, वर्ष, वेळ आणि तळ्याचे नाव लिहून त्याखाली ‘पाणी नाही, पक्षी शून्य’ असे लिहावे आणि तो कागदही इतरांच्या कागदांबरोबर पाठवावा.